कापसाची खोली

कापसाला वास असतो. औषधाच्या दुकानात निळ्या कागदात गुंडाळून मिळतो त्या कापसाला नव्हे. बोंडातून नुकत्याच वेचलेल्या, पोटात सरकी असलेल्या, वाळल्या पानांचा चुरा अंगाला लावूनच घरी आलेल्या कापसाला. सरकीचा मंद तेलकटपणा, दिवसभराच्या उन्हाचा कोरडेपणा, काळ्या रानाची धूळ, वेचणाऱ्या बायकांच्या ओट्यांना लागलेला घाम आणि या सगळ्याच्या खाली डोळ्यांवर झापड आणणारी एक ऊब, एवढं सगळं त्या वासात असतं. आणि तरी सांगून झाल्यावर वाटतं, वास राहिलाच. परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या वाटेवरच्या आमच्या बोरीत ज्याचं बालपण गेलं त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. दसरा सरतो, रानं पांढरी होतात, आणि मग तो वास गल्लीतल्या दारादारांतून कुणाची परवानगी न घेता हिंडत राहतो.

आमच्या माळवदाच्या घरात आत एक मोठी खोली होती. एरवी तिच्यात कणग्या, लोखंडी पेट्या, वाकळांची चवड आणि पाहुणे आले की पाहुणे असत. वेचणी सुरू झाली की माय ती खोली रिकामी करायची, शेणानं सारवायची, आणि मग रोज दिवस मावळताना बैलगाडीतून गाठोडी उतरायला लागत. खोली भरत आली की आम्हा लेकरांना वर चढवून कापूस तुडवायला सांगत. पाय मांड्यांपर्यंत आत रुतायचे, हसून हसून तोल जायचा, नाकात तूस जायचं. कापूस भिंतींना टेकत टेकत माळवदाच्या लाकडांपर्यंत पोचायचा आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीत त्याचे कण तरंगत राहायचे, खाली यायचं जणू त्यांना माहीतच नसायचं. अंग खाजायचं, शिंका यायच्या, माय बाहेरून ओरडायची. आणि तरी त्या ढिगावर एकदा पाठ टेकली की उठवत नसे.

त्या दिवसांत आमचं घर निम्मं होऊन जाई. मोठी खोली कापसाची. उरलेल्या एका खोलीत आणि ओसरीवर आजी, माय, बाबा, काका-काकू आणि आम्ही सगळी भावंडं. बोरीला स्वतःची बाजार समिती, तिकडं मानवतचा बाजार मोठा, तरी कापूस लगेच कुणी काढत नसे. भाव येईल म्हणून थांबायचं. कधी संक्रांतीपर्यंत, कधी त्याच्याही पुढं. बाबा रोज कुणाला ना कुणाला भाव विचारत आणि आजी रोज म्हणे, राहू दे, खातंय का पितंय ते. तोवर आम्ही एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपत असू. रात्री कुणी कूस बदलली तरी सगळ्या रांगेला कळायचं, आणि भिंतीपलीकडून तो वास यायचा. पुढे मी पुष्कळ घरं पाहिली. इतकं भरलेलं घर पुन्हा पाहिलं नाही.

आता हा वास मला भेटतो तो पुण्यात, कसबा पेठेत. आमच्या वाड्यामागच्या बोळात गादीवाल्याचं दुकान आहे. तो जुन्या गाद्या उसवतो, कापूस पिंजतो, नवी खोळ चढवतो. या कापसात सरकी नसते, ती केव्हाच जिनिंगमध्ये मागे राहिलेली असते. त्यामुळे वास खरं तर अर्धाच. पण मनाला अर्धा पुरतो. उरलेला अर्धा ते आपल्या गाठचा घालतं. गेले काही महिने मात्र तो दरवळला की मी खिडकीशी जरा जास्तच रेंगाळतो, कारण आमच्या घरात रोज रात्री एकच बोलणं चाललेलं असतं. पेठ सोडून शहराच्या कडेला, वाघोलीला जायचं का?

लेक चार वर्षांची आहे. दोन खोल्या, त्याही वाड्याच्या वरच्या मजल्यावर. जिना लाकडी, अरुंद, चढताना दोरी धरावी लागेल असा. ती सायकल मागते, आणि सायकल चालवायला इथं बोळ आहे, ज्यातून दुचाकी गेली की माणसानं भिंतीला टेकायचं. वाघोलीला आम्ही पाहून ठेवलेल्या घरात तिला स्वतःची खोली मिळेल, सज्जा मिळेल, खाली घसरगुंडी आणि नव्यानं लावलेली, अजून काठ्यांना बांधलेली झाडं मिळतील. हप्ता आवाक्यातला आहे. कागदावर सगळं आहे. पण माझ्या बायकोची शाळा इथून चालत पाच-सात मिनिटांवर आहे, माझी कचेरी शिवाजीनगरला, मंडई हाकेवर. लेकीला खोकला झाला की खालच्या आजी न विचारता काढा घेऊन वर येतात. जिना चढताना त्यांना धाप लागते, म्हणून त्या अर्ध्यावर थांबून तिला हाक मारतात आणि ती धावत खाली जाते. त्या अर्ध्या जिन्याचं काय करायचं?

खालच्या आजींनी हे सगळं आधी पाहिलं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, वाडे बसले, आणि कित्येक कुटुंबांना पिढ्यानपिढ्यांची पेठ सोडून गावाबाहेर जावं लागलं. कुणी गोखलेनगरच्या अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये, कुणी पुढे सहकारनगरला. आजींच्या मैत्रिणी त्या वर्षी अशाच पांगल्या. "तेव्हा सहकारनगर म्हणजे कुठं रे," त्या म्हणतात, "तिकडं गेलेली मैत्रीण आम्हाला परगावी गेल्यासारखी वाटायची." आज सहकारनगर शहराच्या पोटात आहे आणि तिथली नातवंडं घर शोधायला आणखी पुढं निघाली आहेत. गिरगावच्या चाळींतून डोंबिवलीला गेलेल्यांचीही हीच गोष्ट. शहर दर पिढीला आपल्या मुलांना थोडं बाहेर सरकवतं, आणि ती मुलं जिथं जातात तिथं ते मागाहून जाऊन पोचतं. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली. रामवाडीपर्यंत येऊन थांबलेली मेट्रो वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंत नेण्याला २०२५ च्या जूनमध्ये केंद्रानं मंजुरी दिली. मेट्रो येईल. पण लेक चार वर्षांची आज आहे.

घर हलवावं की नाही, हा प्रश्न आमच्या घराला नवा नाही. आमच्याकडे शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. आमचा आखाडा गावापासून बराच आत, करपरा नदीच्या बाजूच्या शिवारात. मी लहान असताना बाबांच्या मनात आलं, तिकडंच कायमचं राहायला जावं. विहीर तिथं, जनावरं तिथं, रोजची पायपीट वाचेल, लेकरांना मोकळं रान मिळेल. एका सुगीला आम्ही खरंच गेलो. त्या वर्षी कापूसही आखाड्यावरच साठवला. आणि काय ती मोकळीक! कापसाला वेगळी खोली, माणसांना वेगळी. कुणाला कुणाच्या अंगावर पाय टाकायची गरज नाही. सकाळी दार उघडलं की धुकं थेट उंबऱ्याशी, पऱ्हाटीच्या ओळी पार क्षितिजाला लागलेल्या, आणि रात्री इतकं आभाळ, की आम्ही बाजेवर पडून बघत बघत घाबरूनच डोळे मिटायचो.

आजी मात्र आली नाही. तिचं मारुतीचं देऊळ गावात, बोलायच्या बाया गावात. ती दुपारी कुणाच्या तरी गाडीत बसून यायची, आम्हाला जवळ घ्यायची, केसांतून हात फिरवायची. आणि उन्हं कलली की तिची चुळबुळ सुरू व्हायची. अंधाराच्या आत गाव गाठायचं असे. काकाही तसेच, मामाही तसेच. आखाड्यावर येणारं प्रत्येक माणूस दिवेलागणीच्या आधी उठून जायचं. कुणी रुसून जात नव्हतं, कुणाचं काही चुकत नव्हतं. वाटच तशी होती, ओढ्यातून जाणारी, काळ्या चिखलाची. पण लहानपणी मला संध्याकाळ म्हणजे माणसं उठून जाण्याची वेळ असं त्याच वर्षी पहिल्यांदा कळलं. कापसाचा वास तोच होता. त्याच्याशेजारी झोपणारी माणसं कमी झाली होती.

सुगी संपली आणि आम्ही गल्लीत परतलो. बाबांनी कारण कधी सांगितलं नाही. पुढच्या दसऱ्याला माय पुन्हा मोठी खोली सारवत होती.

म्हणून वाघोलीचं घर पाहायला गेलो तेव्हा मी भिंती कमी पाहिल्या आणि वाट जास्त. आम्ही मुद्दाम कामाच्या दिवशी संध्याकाळी गेलो. नगर रस्ता सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. खराडीच्या पुढं वाहनं अशी साचतात की बसमध्ये उभी असलेली माणसं बोलणंही थांबवतात. कचेरीतून मेट्रोनं रामवाडी, तिथून पीएमपीची बस, म्हणजे मी घरी पोचेन तेव्हा लेकीचं जेवण झालेलं असेल, कदाचित डोळेही मिटलेले असतील. सोसायटीच्या फाटकात पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्यामागं दुसरा. नळाचं पाणी पुरेसं येईल तेव्हा येईल, तोवर टँकर आहेत, असं तिथल्या एका बाईंनी शांतपणे सांगितलं; परभणीकडच्या माणसाला टँकर काय नवा! माझ्या मनात टँकरपेक्षा वेगळंच घोळत होतं. पेठेतली माणसं इथं येतील. पहिल्या वर्षी कौतुकानं येतील. आणि साडेसहा वाजले की घड्याळ बघतील, रस्ता तुंबायच्या आत निघायला हवं म्हणतील, चपला शोधतील. आजी उठायची तशीच उठतील.

रात्री बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. खोल्या, हप्ता, रस्ता, पाणी, मेट्रो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते समदं खरं हाय बाबा. घर मोठं का बारकं ते राहू दे. मी अन् तुझी माय आलो तर झोपावं कुठं, तेवढं सांग."

मला एकदम काही बोलता आलं नाही.

कसब्यातल्या या दोन खोल्यांत माय-बाबा येतात ते दोन दिवसांसाठी. बाबांचे गुडघे तो जिना मानत नाहीत. मायला रात्री उठावं लागतं आणि अंधारात आमच्या अंगांवरून वाट काढावी लागते, म्हणून ती संध्याकाळपासून पाणी पीत नाही. हे तिनं कधी सांगितलं नाही, माझ्या बायकोच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी दोघं पिशवी भरतात. लेक त्यांच्या पायांना मिठी मारते. शेत बटईनं दिलंय, आता तिथं त्यांचं अडून राहण्यासारखं फारसं काही नाही; ते निघतात ते आमच्याकडे जागा नाही म्हणून. म्हणजे दिवेलागणीच्या आधी उठून जाणारी माणसं आमच्या पेठेतल्या घरातही होतीच. ती कुठली होती, एवढंच वेगळं.

आणि मग नकाशा डोळ्यांपुढं फिरला. परभणीहून संध्याकाळी निघालेली ट्रॅव्हल्स पाथरी, माजलगाव मागं टाकत रात्रभर धावते, पहाटे नगर, शिरूर, शिक्रापूर करत पुण्यात शिरते, आणि पुणं म्हणून पहिलं जे लागतं ते वाघोली. आमच्याकडची किती माणसं तिथं उतरतात! पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेला पोती, पिशव्या, ज्वारीच्या पिठाचे डबे, अंगावर शाली घेतलेल्या आज्या, आणि त्यांना न्यायला आलेली, झोपेतून उठलेली लेकं. कुणी रांजणगावच्या कारखान्यात आहे, कुणी खराडीच्या कचेऱ्यांत, कुणी बांधकामावर. मराठवाड्यातून पुण्याला येणाऱ्या माणसानं पहिला टेकावा असा हा उंबरठा आहे, आणि तो आजचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हलली तेव्हा मी माझ्या लेकीच्या आजच्या वयाचा होतो. त्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडची १२०० मुलं भारतीय जैन संघटनेनं शिकवायला पुण्याला आणली, आणि पुढे वाघोलीच्या माळावर त्यांची शाळा, त्यांचं वसतिगृह उभं राहिलं. मायबाप, घर, गाव यांतलं काय काय गमावून आलेली ती लेकरं तिथं वाढली, शिकली, मोठी झाली. त्यांना तिथं कुणी नातलग नव्हता. तरी त्या गावानं त्यांना रुजू दिलं. वाघोलीतल्या वाघेश्वराच्या देवळापाशी उभं राहिलो तेव्हा मला ती मुलं आठवली, आणि परकं वाटणारं ते गाव थोडं कमी परकं झालं.

घर हलवताना आपण खोल्या मोजतो, अंतरं मोजतो. पण हलतं ते काहीतरी दुसरंच. आज जवळ असलेली काही माणसं लांब जातात आणि लांबची काही जवळ येतात. दोन्ही एकाच वेळी होतं, त्यातलं एकच निवडता येत नाही. पेठेत राहिलो तर लेकीला खालच्या आजी रोज आहेत, बाप संध्याकाळी सात वाजता घरी आहे, आई दुपारी घरी आहे. वाघोलीला गेलो तर तिला बोरीची आजी आहे, आजोबा आहेत, महिना महिना, पाऊसभर, जमलं तर वर्षातला बराच काळ. आणि बाप थोडा कमी आहे. हे "थोडा कमी" लिहिताना हात जड होतो. किती रात्री मी तिला झोपलेलीच पाहीन? तिचे दुधाचे दात पडतील, ती पहिली ओळ वाचेल, आणि मला ते जेवताना कुणीतरी सांगेल.

पण जे सांगेल ते कोण असेल, याचाही विचार करतो. बाबा सांगतील. त्यांनी माझे दात पडताना पाहिले, तेही बहुधा असेच, रानातून उशिरा येऊन, आजीच्या तोंडून ऐकून. मी त्यांना कमी मिळालो असं मला कधी वाटलं नाही, कारण मी एकट्या त्यांचा नव्हतोच. त्या कापसाच्या खोलीशेजारी मी सगळ्या रांगेचा होतो. आईवडिलांचा वेळ म्हणजेच सगळं बालपण, हे ओझं दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या तरुण आईबापांवर शहरानं टाकलं आहे. आम्ही दोघं ते धापा टाकत वाहतो आहोत, आणि लेक मायेनं आमच्याकडे बघते आहे. तिच्या शेजारी आणखी कुणी झोपायला हवं. रात्री कूस बदलली की जाग येईल असं कुणीतरी.

आई-बाबांची आम्हाला गरज आहे, हे मी फोनवर त्यांना इतकी वर्षं सांगितलंच नव्हतं. या वेळी सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग बाबा म्हणाले, "आमच्याकडं म्हणतेत ना, बनी तो बनी, नहीं तो परभणी. नाही जमलं तर बोरीचं घर हाय की." लहानपणी ही म्हण ऐकताना मला वाईट वाटायचं. सगळीकडून उरलेल्या माणसानं शेवटी परभणीला यावं, असं काहीसं त्यात ऐकू यायचं. आता वाटतं, ज्याच्या पाठीशी असं एक ठिकाण आहे तोच निर्धास्तपणे पुढं पाऊल टाकू शकतो. किती जणांच्या पाठीशी असं ठिकाण उरलं आहे?

आम्ही जायचं ठरवलं आहे. बायकोनं बदलीसाठी अर्ज केला आहे. मी कचेरीत सकाळची लवकरची वेळ मागून घेतली आहे, म्हणजे आठवड्यातल्या काही संध्याकाळी तरी दिवे लागायच्या आत पोचेन. लेकीच्या खोलीत तिच्या पलंगाशेजारी दोन अंथरुणं पडतील एवढी जागा राखायची, तिथं कपाट करायचं नाही, हे दोघांनी मिळून ठरवलं. वेचणी उरकली की माय येईल. येताना काय आणू म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, न पिंजलेला थोडा कापूस आण, सरकीसकट. ती हसली. तिला वाटलं, वाती वळायला.

तुमच्याही घरात रात्री दिवा मालवल्यावर असंच बोलणं चालत असेल, मूल झोपलं आहे ना याची खात्री करून, आवाज लहान करून. तर एवढंच सांगावंसं वाटतं: खोल्या मोजून झाल्या की माणसं मोजा. नव्या घरी कोण येऊन राहील, कोण येऊन लगेच उठेल आणि कुणाचं येणंच हळूहळू थांबेल, हे तिघंही डोळ्यांपुढं आणा. पहिल्यांसाठी अंथरूण ठेवा. दुसऱ्यांना रस्त्याची घाई न वाटेल अशा वेळी बोलवा. आणि तिसऱ्यांकडं आपण जायचं, वाट कितीही तुंबलेली असो. आम्ही त्यासाठी रविवार ठेवले आहेत. पहिला रविवार खालच्या आजींचा. त्यांना सांगून ठेवलं आहे, या वेळी त्यांनी अर्ध्या जिन्यापर्यंतही यायचं नाही.